जुनी जर्मन गाडी आणि एक सोयरीक

माझ्याकडे एक लांबलचक, काळी, जर्मन गाडी आहे. घेतली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि मी बावन्न वर्षांचा. म्हणजे दोघांपैकी अक्कल कुणाला जास्त असायला हवी होती हे उघड आहे. या गाडीनं माझ्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडायला घेतलं होतं. गाडीनं म्हणजे खरं तर मीच, पण अशा वेळी माणूस आधी गाडीचंच नाव घेतो.

आम्ही वलगावचे. घरची थोडी काळी जमीन आहे, तिच्यात झेंडू आणि शेवंती, बांधाला थोडा भाजीपाला. अमरावतीत फुलांचं दुकान आहे. आमच्या घरात वाहन म्हणजे माल वाहणारी वस्तू. आजोबांची बैलबंडी होती, वडिलांची टोपली बांधलेली सायकल होती, माझा टेम्पो आहे. ज्यात नुसती माणसंच बसतात असं वाहन आमच्या खानदानात कुणी घेतलं नव्हतं. तो मान मी मिळवला.

अकोल्याला माझा साळा राहतो. त्याच्या ओळखीचे एक डॉक्टर मुलाकडे परदेशी निघाले होते आणि गाडी काढत होते. मी नुसती पाहायला गेलो. डॉक्टरसाहेब म्हणाले, "फार कमी चालली आहे." हे शंभर टक्के खरं होतं. जास्त चालायची तिची तयारीच नव्हती, हे मला नंतर समजलं. पण त्या दिवशी मी तिचं दार उघडून लावून पाहिलं, आणि कापसाच्या गंजीवर काही पडावं तसा आवाज आला. आमच्या टेम्पोचं दार लावलं की शेजारची कुत्री उठतात. मी ते दार परत उघडलं, परत लावलं, आणि तिथंच माझा निकाल लागला.

घरी आणताना वलगावात शिरायला सरळ रस्ता असूनही मी बाजारावरून, शाळेवरून आणि ग्रामपंचायतीवरून वळसा घालून आलो. काच खाली ठेवली होती, नाही तर आत कोण आहे हे लोकांना कसं कळणार? दारात उभी केल्यावर बायको बाहेर आली, तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "अवो, याच्यात फुलं कुठी ठेवाची?"

पहिली अडचण स्पीड ब्रेकरची निघाली. गाडीचं पोट जमिनीला इतकं जवळ, की रस्त्यावरच्या प्रत्येक ब्रेकरला ते घासायचं. मग आमची एक पद्धत पडून गेली. ब्रेकर आला की मी सोडून सगळ्यांनी खाली उतरायचं आणि चालत पलीकडे जाऊन उभं राहायचं. हलकी झालेली गाडी मी तिरपी करून हळूच काढायचो आणि मग सगळे पुन्हा बसायचे. एका लग्नाला जाताना बायको भरजरी शालू सावरत अशी चार-पाचदा उतरली. शेवटच्या ब्रेकरला ती परत बसलीच नाही. "तुमी या हळूहळू," म्हणाली आणि मंडपाकडे चालायला लागली. ती माझ्या आधी पोचली.

दुसरी अडचण भाषेची. डॉक्टरसाहेबांनी कधीतरी गाडीच्या पडद्यावरची भाषा जर्मन करून ठेवली होती आणि ती बदलायचं बटण चालत नव्हतं. त्यामुळे गाडीला काय दुखतंय ते ती आम्हाला जर्मनमध्ये सांगायची. लाल अक्षरं आली की थांबायचं आणि पिवळी आली की चालवून घ्यायचं, एवढी जर्मन मला आता येते. बाकीचा अर्थ नांदगाव पेठेकडच्या हायवेवरचा एक मेकॅनिक लावतो. तो लॅपटॉप जोडतो, चेहरा गंभीर करतो आणि म्हणतो, "भाऊ, सेन्सर गेला." दर वेळी सेन्सरच. तो सेन्सर दिल्लीच्या कबाडी बाजारातून मागवायचा, तो येईपर्यंत गाडी त्याच्याकडे ठेवायची आणि मी एसटीनं घरी यायचं. एकदा मी वैतागून विचारलं, "अरे, सेन्सर सोडून दुसरं काई हाये का या गाडीत?"

"हायेत न भाऊ," तो म्हणाला. "तुमी."

त्यातच दसऱ्याला माझ्या हातून एक पराक्रम झाला. ऐन सणाच्या आदल्या दिवशी टेम्पोचा ॲक्सल तुटला. झेंडू तोडून ठेवलेला आणि बाजार डोक्यावर. मी बायकोचा तो पहिला प्रश्न मनावर घेतला आणि मागची सीट, डिकी, पुढची सीट, सगळीकडे झेंडू भरला. फुलांना हवा लागली पाहिजे, नाही तर ती वाफेनं काळी पडतात, म्हणून छताची काच सताड उघडी ठेवली. झेंडू झकास पोचला. पण छताच्या काचेभोवती पाणी जायला बारीक नळ्या असतात आणि त्या झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च भरल्या, हे पुढल्या पावसाळ्यात माझे पाय घोट्यापर्यंत ओले झाले तेव्हा कळलं. मेकॅनिकनं त्यातून काळा, कुजका चिखल उपसून काढला, हुंगला आणि आयुष्यात पहिल्यांदा सेन्सरचं नाव घेतलं नाही. "गाडीत झेंडू कोन भरते भाऊ?" एवढंच विचारलं. आम्ही झेंडू कशाकशात भरतो हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

एवढं होऊनही गाडी विकावी असं मला कधी वाटलं नाही. अमरावतीच्या राजकमल चौकात सिग्नलला थांबलो की बाजूचा स्कूटरवाला जरा वाकून आत बघायचा. त्या तेवढ्यासाठी मी सगळं सहन करत होतो. हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी सुरक्षितता, आराम, पाठीचं दुखणं असलं काहीतरी सांगितलं असतं.

आता मुलीचं. ती एकुलती. शेतीचं शिकली आणि आमच्या मळ्यात तिनं रोपवाटिका उभी केली. तिला बरीच स्थळं आली आणि प्रत्येक वेळी पाहुणे गेले की ती मान हलवून रोपांकडे निघून जायची. मग साळ्यानं बार्शीटाकळीचं एक स्थळ काढलं. मुलगा शिकलेला, घरची शेती स्वतः करणारा. अकोल्याला साळ्याच्याच घरी दोघांची भेट ठरवली. पोहे खाऊन झाल्यावर मुलानं तिला विचारलं, "झेंडूवर मर रोग आला तं तुमी काय करता?" आजवरच्या मुलांनी स्वयंपाक येतो का, नोकरी करणार का, असलंच विचारलं होतं. माझी पोरगी जी बोलायला लागली ती थांबेचना. मुलगा मधूनमधून भर घालत होता. आम्ही मोठी माणसं नुसती एकाकडून दुसऱ्याकडे बघत बसलो.

परत येताना बडनेरा आलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, हे चालन." आमच्या घरात एवढं म्हणजे खूप झालं. बायकोनं मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला इतका आनंद झाला की मी एक ब्रेकर न बघताच ओलांडला.

त्यानंतर आम्ही नवरा-बायको मुलाचं घर पाहायला बार्शीटाकळीला गेलो. त्यासाठी मी गाडी दोन वेळा मेकॅनिककडे नेली, धुतली, पुसली आणि बरोबर त्यांच्या ओसरीसमोर उभी केली. गल्लीतली पोरं जमली. मुलाचे वडील बाहेर आले. साधा सदरा, उन्हानं रापलेला चेहरा, डोळे हसरे. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि विचारलं, "कितीले पडली भाऊ?"

आमच्याकडे किंमत विचारणं यात वावगं काहीच नाही. शर्ट कितीचा, बैलजोडी केवढ्याला पडली, घराला किती पैसा लागला, हे पहिल्याच भेटीत विचारतात. सांगणारा सांगतो, ऐकणारा "महाग पडली" नाही तर "सस्ती भेटली" म्हणतो, आणि तेवढ्यानं दोघांची ओळख होऊन जाते. जो सांगत नाही तो एक तर फार मोठा माणूस असतो किंवा फार लबाड. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी मंद हसलो आणि चक्क पुस्तकी मराठीत म्हणालो, "असू द्या हो, आपलीच आहे."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी कानाची पाळी गरम होते. मुलाचे वडील "बरं बरं" म्हणाले आणि पुढं काही विचारलं नाही. चहा आणता आणता मुलाची आई आत वळली आणि बऱ्याच वेळानं काचेच्या कपाटातले नक्षीचे कप धुऊन घेऊन आली. गप्पा झाल्या त्या पावसापाण्याच्या. निघताना त्यांनी आम्हाला हात जोडून नमस्कार केला, साहेबांना करतात तसा. मला तो फार आवडला.

आठवड्यानं साळ्याचा फोन आला. "भाऊजी, ते नाई म्हनून राहिले."

"कावून?"

"पोरगी लय चांगली हाये म्हनतात. पन तुमी मोठी मानसं. आमचा पोरगा फटफटीवर फिरते, आमाले तुमचं करनं झेपनार नाई. उद्या पोरगी नाराज झाली तं कोनाले तोंड दाखवाचं?"

मी आधी त्यांच्यावर चिडलो. मग साळ्यावर चिडलो, कारण गाडी त्यानं दाखवली होती. मग डॉक्टरवर, मग मेकॅनिकवर, कारण नेमकी त्या दिवशी गाडी धड चालेल अशी त्यानंच करून दिली होती. चिडायला आणखी कुणी उरलं नाही तेव्हा मी मळ्यात गेलो. मुलगी पिशव्यांत माती भरत बसली होती. तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. मी शेजारी बसून दोन-तीन पिशव्या भरल्या, त्या वाकड्या झाल्या. तिनं त्या माझ्या हातातून घेतल्या आणि सरळ केल्या.

"बाबा," ती म्हणाली, "तुमाले गाडी पायजे होती, तुमाले भेटली. मले एक मानूस आवडला होता."

ती रडली असती तर बरं झालं असतं. मला त्या दिवशी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

मी साळ्याला फोन केला आणि म्हटलं, मी परत जातो, त्यांना सगळं सांगतो. साळा म्हणाला, "सांगून काई फायदा नाई. गरिबीचं सोंग करून राहिले म्हनतीन. तुमी असं करा भाऊजी, तेच गाडी घेऊन जा. त्यायच्या दारात ते बंद पडली पायजे. अख्खं गाव धक्का माराले लावू. मंग त्यायले बरोबर समजन तुमची काय औकात हाये ते."

योजना मला पसंत पडली. त्यात अपयश येण्याचा संभवच नव्हता. ही गाडी ज्या ज्या ठिकाणी बंद पडू नये तिथं तिथं बंद पडली होती. आता एकदाच, माझ्या पोरीसाठी, मनापासून बंद पड, एवढंच तिला सांगायचं होतं. मी मेकॅनिककडे गेलो नाही, ऑइल पाहिलं नाही, चाकातली हवा पाहिली नाही. निघतानाच पडद्यावर पिवळी अक्षरं होती. मी समाधानानं गाडी काढली.

बडनेरा गेलं तेव्हा पिवळी अक्षरं आपोआप विझली. मला वाटलं, असेल. पुढं मी रस्त्यातले खड्डे मुद्दाम घेतले. गाडी त्यांवरून अशी गेली की जणू खाली कापूस अंथरला होता. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. गरम झालेलं इंजिन बंद केलं की ते पुन्हा चालू होत नाही, हा माझा कायमचा अनुभव. म्हणून मी चहा सावकाश घेतला, वर एक प्लेट भजी घेतली, आणि बटण दाबलं. नुसतं बोट लागताच गाडी सुरू झाली. टपरीवाला कौतुकानं म्हणाला, "आवाजबी नाई येत साहेब!" त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बोरगाव मंजूच्या पुढं मी गाडीशी बोलायला लागलो. आधी गोडीत बोललो, मग शिव्या दिल्या. तू माझी दिवाळी खाल्लीस, माझा पावसाळा खाल्लास, आता एक काम सांगतो तर तुला चालायचं सुचतंय! मी एसी पूर्ण सोडला, रेडिओ लावला, सीट गरम करायचं बटण दाबलं, म्हणजे तिच्यावर लोड यावा. उन्हाळ्याचे दिवस. खालून शेकत, वरून गारठत मी अकोला ओलांडलं आणि बार्शीटाकळीला पोचलो. मुलाच्या घरासमोर गाडी अशी अलगद थांबली की ओसरीवर बसलेल्या त्याच्या वडिलांना ती आल्याचं कळलंसुद्धा नाही. त्यांनी मान वर केली आणि ते घाईघाईनं उठले. "या साहेब, या."

साहेब ऐकून माझा उरलासुरला धीर सुटला. चाव्या हातात धरून मी अंगणातच उभा राहिलो आणि सुरू झालो. "साहेब कायचा भाऊ? सेकंडहँड हाये हे गाडी. एका डॉक्टरनं टाकून देल्ली ते मी उचलली. महिन्यातून पंधरा दिवस मेकॅनिककडं पडून रायते. मी एसटीनं फिरतो."

ते हसले. "मोठी मानसं असंच म्हनतात."

"अहो, ब्रेकर आला का बायकोले खाली उतरवा लागते!"

"आता तं मस्त आली न," ते म्हणाले. "आमी पायलं."

मी गाडीकडे पाहिलं. ती उन्हात चकाकत उभी होती. मुलाची आई दारात येऊन थांबली होती. आता माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, आणि ती खरं तर मागच्याच खेपेला सांगायची होती.

"तुमी मले इचारलं होतं, कितीले पडली," मी म्हणालो आणि आकडा सांगितला.

गोठ्याच्या बाजूला उभ्या त्यांच्या ट्रॅक्टरकडे त्यांनी पाहिलं, परत गाडीकडे पाहिलं आणि दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "अवो, आयकलं काय? आपल्या ट्रॅक्टरपेक्षा सस्ती हाये हे!"

"काई तरीच," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. हसू दाबायचा त्यांनी खूप प्रयत्न केला, पण ते काही दबेना.

मुलाचे वडील मात्र हसले नाहीत. त्यांनी मला बाजेवर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मंग भाऊ, कायले घेतली?"

साहेबचा भाऊ झाला होता, ते माझ्या लक्षात आलं. सुरक्षितता, आराम, पाठीचं दुखणं, सगळं ओठांवर येऊन गेलं. पण माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी एकदा टाळलं होतं आणि त्याचा भुर्दंड माझ्या पोरीनं भरला होता.

"लोकायनं पाहावं म्हून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मंग पायली न आमी," ते म्हणाले. "आमच्या साऱ्या गल्लीनं पायली. झालं न तुमचं? आता ते घरी ठिवा. साक्षगंध आमच्याच अंगनात करू. पोरीले घेऊन एसटीनं या."

मी अंगणातूनच घरी फोन लावला. मुलीनं उचलला. "बाबा, कुठी बंद पडली?" तिनं विचारलं. "चालू हाये," मी म्हणालो, "आन ते हो म्हनले." तिनं आईला मोठ्यानं हाक मारली आणि फोन तसाच कुठंतरी ठेवून दिला. मी तो बंद न करता त्या दोघींचं बोलणं ऐकत उभा राहिलो.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही वीसेक माणसं एसटीनं गेलो. डब्यांत लाडू होते, मांडीवर हारांच्या टोपल्या होत्या, आणि साळा सगळ्या बसला गाडीची हकीकत तिखटमीठ लावून सांगत होता. बायको त्यात तिच्याकडची भर घालत होती. बार्शीटाकळीच्या स्टँडवर आम्ही उतरलो. मुलीनं हिरवी साडी नेसली होती आणि वेणीत आमच्याच मळ्यातली शेवंती होती. स्टँडवरची माणसं वळून वळून पाहायला लागली. सवयीनं माझी मान जरा ताठ झाली, आणि मग लक्षात आलं की माझ्याकडे कुणीच पाहत नाहीये. सगळे माझ्या मुलीकडे पाहत होते. मग मीही पाहिलं.